मधला एक दिवस

इसवी सनापूर्वी 427. अथेन्सच्या बंदरातून एक युद्धनौका लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी या शहराकडे निघाली आहे. तिच्यावर हुकूम आहे, की बंड करणाऱ्या त्या शहरातील सर्व प्रौढ पुरुषांना ठार करावे आणि बायकामुलांना गुलाम करावे. हा हुकूम कोणा राजाने दिलेला नाही. तो नागरिकांच्या सभेने संतापाच्या भरात संमत केला आहे, आणि त्याचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता आहे क्लिऑन. लोकांच्या भावना चेतवून त्यांवर सत्ता उभारणाऱ्या अशा पुढाऱ्यांसाठी ग्रीकांचा ‘डेमागॉग’ हा शब्द आजही वापरला जातो. लोकांचा राग खरा असतो, त्यांच्या तक्रारीही पुष्कळदा खऱ्या असतात. हा पुढारी त्या रागाला एक शत्रू नेमून देतो आणि आड येणारा प्रत्येक जण, मग तो न्यायाधीश असो वा पत्रकार, लोकांचा वैरी असल्याचे सांगत सुटतो.

दुसऱ्या दिवशी अथेन्सवासीयांचे मन त्यांना खाऊ लागले. सभा पुन्हा भरली, क्लिऑन पुन्हा कडाडला, डायोडोटसने त्याला उत्तर दिले, आणि अगदी थोड्या मतांच्या फरकाने हुकूम मागे घेण्यात आला. दुसरी नौका सुटली तेव्हा पहिली सुमारे एक दिवस आणि एक रात्र पुढे होती. वल्हेकऱ्यांनी हात न थांबवता मद्यात आणि तेलात कालवलेले सातूचे पीठ खाल्ले आणि आळीपाळीने झोप घेतली. सेनापतीने पहिला हुकूम वाचून संपवला होता आणि तो अमलात आणण्याच्या बेतात होता, तेवढ्यात ही नौका पोहोचली. बंडाच्या म्होरक्यांना देहदंड झालाच. शहर मात्र वाचले.

या प्रसंगात मला मोलाचा वाटतो तो मधला एक दिवस. तो मिळाला, कारण काही माणसांनी आग्रह धरला. नियंत्रण आणि संतुलन यांची व्यवस्था हा दिवस नशिबावर सोडत नाही: विधेयक दोन सभागृहांतून जाते, खर्चाला कायदेमंडळाची मंजुरी लागते, अटकेचे कारण न्यायालयात सांगावे लागते, आणि ठरल्या मुदतीनंतर निवडणुकीला सामोरे जावेच लागते.

एकवीस वर्षांनी, आर्गिनुसीच्या आरमारी विजयानंतर, त्याच सभेपुढे सेनापती उभे होते. वादळात बुडणाऱ्या खलाशांना त्यांनी वाचवले नाही, असा आरोप होता. प्रत्येकाचा खटला स्वतंत्रपणे चालावा, सरसकट मतदान बेकायदा आहे, असा आक्षेप आला. तेव्हा लोकांना हवे ते करू न देणे हाच अन्याय आहे, असा गलका जमावाने केला. सभेचे कामकाज पाहणाऱ्यांपैकी इतर सारे धमक्यांपुढे वाकले; एकटा सॉक्रेटिस नकारावर ठाम राहिला. सहा सेनापती मारले गेले. पुढे अथेन्सला पश्चात्ताप झाला आणि लोकांना भडकावणाऱ्यांवरच आरोप ठेवण्यात आले, पण गेलेले परत आले नाहीत.

नियम कागदावर असणे पुरत नाही, हे 23 मार्च 1933 रोजी बर्लिनमध्ये पुन्हा दिसले. संसदेची इमारत आगीत होरपळल्यामुळे अधिवेशन क्रोल ऑपेरागृहात भरले होते. आत-बाहेर गणवेशातील नाझी दलांचा पहारा होता, आणि कम्युनिस्ट पक्षाच्या 81 प्रतिनिधींपैकी एकालाही सभागृहात येऊ दिलेले नव्हते. संसदेविना कायदे करण्याचा, राज्यघटनेलाही बाजूला सारण्याचा अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला देणारे विधेयक 444 विरुद्ध 94 मतांनी संमत झाले. विरोधातील सर्व मते सोशल डेमोक्रॅट पक्षाची होती. मधल्या पक्षांनीही नकार दिला असता, तर आवश्यक दोन-तृतीयांश मते भरली नसती.

असा नकार स्वपक्षातून आला की त्याचे वजन वाढते. 1954 मध्ये अमेरिकी सिनेटने, पुराव्याविना अनेकांना कम्युनिस्ट ठरवत सुटलेले रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या वर्तनाचा निषेध 67 विरुद्ध 22 मतांनी केला, तेव्हा मतदान करणाऱ्या त्यांच्या पक्षाच्या 44 सदस्यांपैकी 22 जण निषेधाच्या बाजूने होते.

अथेन्सनेही आपली व्यवस्था सुधारली. इसवी सनापूर्वी 403 मध्ये लोकशाही पुन्हा स्थापन झाल्यावर सभेचा ठराव कायद्याला डावलू शकणार नाही, असे तेथे ठरले. नव्या कायद्याचा मसुदा पांढऱ्या फळ्यांवर लिहून भर चौकात, दहा वीरपुरुषांच्या पुतळ्यांपुढे लावला जाई, म्हणजे मतदानापूर्वी येणाराजाणारा कोणीही तेथे थांबून तो वाचू शकत असे.