एका बगमागे तीन शब्द

[दृश्य : जुन्या वहीचं पिवळं पडलेलं पान. चिकटपट्टीखाली एक किडा.]

9 सप्टेंबर 1947. हार्वर्ड विद्यापीठातला मार्क टू संगणक, खोलीभर पसरलेला, रिलेंवर, म्हणजे विजेनं उघडझाप करणाऱ्या स्विचांवर, चालणारा. दुपारी पावणेचारची नोंद आहे : पॅनल एफ, रिले क्रमांक 70, रिलेत पतंग. उडवायचा नव्हे, दिव्याभोवती घिरट्या घालणारा. तो काढून वहीत चिकटवला आणि खाली शेरा मारला : खराखुरा बग सापडल्याची ही पहिलीच वेळ.

'बग' म्हणजे इंग्रजीत किडा, आणि यंत्रातला दोषही. म्हणून शेऱ्यातला 'खराखुरा' शब्द महत्त्वाचा. 'बग' हा शब्द या पतंगापासून सुरू झाला असं सर्रास सांगितलं जातं, पण गोष्ट उलटी आहे. यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना एडिसन 1878 सालच्या पत्रातच 'बग' म्हणतो. शब्द आधीच रुळलेला होता, म्हणून तर विनोद झाला. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

[दृश्य : अर्जाचा स्क्रीन. 'वय' लिहिलेला रकाना.]

'बग' हा बोलायला सोयीचा शब्द. पण त्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करणाऱ्याला त्या वेगळ्या काढाव्याच लागतात.

हा अर्ज बघा. नियम साधा आहे : वय 18 ते 60, दोन्ही धरून. कोड लिहिणाऱ्यानं '18 किंवा जास्त' ऐवजी '18 पेक्षा जास्त' असं वाचलं. ही माणसाची चूक, म्हणजे एरर. त्या चुकीमुळे कोडमध्ये 'बरोबर'चं (=) चिन्ह लिहायचं राहून गेलं. हा डिफेक्ट. आणि एके दिवशी अठरा वर्षांच्या मुलीनं अर्ज भरला, तेव्हा स्क्रीननं तिला नाकारलं. हे फेल्युअर.

गंमत मधल्या पायरीवर आहे. अठरा वर्षांचं कुणी येईपर्यंत डिफेक्ट नुसता बसून राहतो. सगळं सुरळीत चाललंय असंच वाटतं.

[दृश्य : प्रक्षेपण तळ. आकाशात धुराचा लोट.]

असा बसून राहिलेला डिफेक्ट किती महाग पडतो? 4 जून 1996 रोजी एरियन 5 रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. चाळीसेक सेकंदांत त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. दिशादर्शक यंत्रणेतला कोड एरियन 4 मधून उचललेला होता. आडव्या वेगाशी निगडित एक मोठी संख्या त्यानं 16 बिटांच्या जागेत कोंबायला घेतली. त्या जागेत जास्तीत जास्त 32,767 मावतात. एरियन 4 च्या मार्गावर ही संख्या कधी तेवढी वाढलीच नव्हती. नवं रॉकेट वेगळ्या मार्गानं जाणारं, त्याचा आडवा वेग जास्त. जोडीला राखीव यंत्रणा होती की! पण तिच्यातही तोच कोड, त्यामुळे तीही तशीच कोलमडली. नव्या मार्गाचे आकडे देऊन ही यंत्रणा आधी तपासलेलीच नव्हती.

[दृश्य : पुन्हा वयाचा रकाना. कर्सर लुकलुकतोय.]

म्हणून टेस्टर सगळी वयं टाकत बसत नाही, कुंपणाच्या कडेला जातो. 17, 18, 19. मग 59, 60, 61. याला बाउंडरी व्हॅल्यू म्हणतात. चाळिसाव्या वर्षी कोड सहसा चुकत नाही.

बाकीचे शब्द कानावरून गेलेले असतील. नवं बिल्ड, म्हणजे ॲपची नवी आवृत्ती, हातात आलं की आधी स्मोक टेस्ट : ॲप उघडतंय का, लॉगिन होतंय का? नसेल तर पुढं हातच लावायचा नाही. कोड न बघता बाहेरून तपासलं तर ब्लॅक बॉक्स, आत डोकावून तपासलं तर व्हाइट बॉक्स.

खरी वादावादी होते ती सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटीवर. सिव्हिरिटी म्हणजे नुकसान किती, प्रायॉरिटी म्हणजे घाई किती. पहिल्याच पानावर कंपनीचं नाव चुकीचं छापलं गेलं, तर काहीच बंद पडत नाही, पण दुरुस्ती आत्ताच्या आत्ता हवी. उलट, क्वचितच कुणी उघडेल अशा जुन्या अहवालात ॲप क्रॅश होत असेल, तर नुकसान मोठं, तरी काम पुढच्या आठवड्यावर ढकललं जाऊ शकतं. 'सगळ्याच बगांची सिव्हिरिटी हाय, प्रायॉरिटीही हाय' असं लिहिणाऱ्या टेस्टरवर, माझ्या मते, चार दिवसांत कुणी विश्वास ठेवत नाही.

[दृश्य : बगची नोंद. एकेक ओळ उमटते.]

आपल्या अर्जाचा बग असा नोंदवला गेला. पायऱ्या : अर्ज उघडा, वय 18 टाका, पुढे जा. अपेक्षित : अर्ज स्वीकारला जावा. प्रत्यक्षात : 'वय अमान्य'. 'अर्ज नीट चालत नाही' एवढंच लिहिलं असतं, तर डेव्हलपरचं, म्हणजे कोड लिहिणाऱ्याचं, उत्तर ठरलेलं होतं : माझ्या मशीनवर चालतंय.

संध्याकाळी डेव्हलपरनं कळवलं, फिक्स झालं. टेस्टरनं 18 टाकलं, पास. ही रीटेस्ट. मग त्यानं बाकीचे आकडेही पुन्हा टाकून पाहिले. 17 नाकारलं, बरोबर. 19, 59 स्वीकारले. 60 नाकारलं. कालपर्यंत 60 चालत होतं.

हे रिग्रेशन. एक चिन्ह नीट करताना शेजारचं बिघडलं. जुना बग रीओपन करायचा नाही, तो खरंच सुटलाय. टेस्टर नवी नोंद उघडतो. पायरी पहिली : अर्ज उघडा.