जेफरसनच्या घरचं जेवण

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेतले पहिले दोन राजकीय पक्ष म्हणजे फेडरलिस्ट आणि डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन. मुख्य भांडण एका प्रश्नावर होतं : केंद्राच्या हाती किती सत्ता द्यायची? फेडरलिस्टांचे हॅमिल्टन म्हणत, केंद्र भक्कम हवं. दुसऱ्या बाजूचे जेफरसन म्हणत, राज्यघटनेत लिहून दिलंय तेवढंच केंद्रानं करावं, बाकी सारं राज्यांकडे राहू द्यावं. भक्कम केंद्र की राज्यांचे हक्क, एवढं ध्यानात असू द्या.

आता गोष्ट ऐका. साल १७९०, जून महिना. पक्ष अजून जन्मायचे होते आणि राजधानी होती न्यूयॉर्क. अर्थमंत्री हॅमिल्टन यांना स्वातंत्र्ययुद्धात राज्यांनी काढलेली कर्जं केंद्राच्या अंगावर घ्यायची होती. पण व्हर्जिनिया राज्यानं आपलं बरंचसं कर्ज फेडलेलं. एकत्र कुटुंबात ज्या भावानं आपलं देणं चुकतं केलं, त्यालाच पुन्हा बाकीच्यांच्या देण्यात वाटा उचलायला सांगितलं तर तो चिडणारच! योजना काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत अडकली.

एके दिवशी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या दारात परराष्ट्रमंत्री जेफरसनना हॅमिल्टन भेटले. चेहरा ओढलेला, एरवी टापटीप राहणाऱ्या माणसाचे कपडेही अस्ताव्यस्त. दोघं तिथंच रस्त्यावर अर्धा तास येरझाऱ्या घालत राहिले. योजना बुडाली तर मी राजीनामा देतो, देश फुटेल, असं हॅमिल्टन कळवळून सांगत होते. जेफरसननी त्यांना घरी जेवायला बोलावलं, सोबत काँग्रेसमध्ये या योजनेला विरोध करणारे व्हर्जिनियाचे मॅडिसन. जेवताना तडजोड ठरली : कर्जाच्या योजनेला व्हर्जिनियाची काही मतं मिळतील आणि कायमची राजधानी दक्षिणेत, पोटोमॅक नदीकाठी होईल. आजचं वॉशिंग्टन शहर त्यातूनच उभं राहिलं.

हे सगळं आपल्याला कळतं, कारण जेफरसननी पुढे ते लिहून ठेवलं. सार्वजनिक कामातल्या प्रत्येकानं अशी टिपणं ठेवलीच पाहिजेत, हे मी तरुण कार्यकर्त्यांना भेटेन तिथं सांगतो. इतिवृत्तात ठराव सापडतो, पण ओढलेला चेहरा सापडत नाही.

असो. १७९१ मध्ये हॅमिल्टन यांच्या राष्ट्रीय बँकेच्या योजनेवरून वाद पेटला. जेफरसन म्हणाले, घटनेत बँकेचा उल्लेखच नाही. हॅमिल्टन म्हणाले, दिलेले अधिकार वापरायला जे आवश्यक, त्याची मुभा घटनेतच आहे. पुन्हा तोच प्रश्न, केंद्राच्या हाती किती सत्ता द्यायची? वॉशिंग्टन यांनी बँकेच्या विधेयकावर सही केली. मतभेद वाढत गेले आणि त्यांचेच पुढे पक्ष झाले.

१७९२ मध्ये जेफरसननी वॉशिंग्टन यांना पत्र लिहिलं. त्या कर्जाच्या योजनेत हॅमिल्टननी आपल्याला फसवून हाताशी धरलं, आपल्या राजकीय आयुष्यातल्या सगळ्या चुकांमध्ये याच चुकीचा सर्वांत जास्त पश्चात्ताप होतो, असं त्यांनी त्यात स्वच्छ म्हटलं आहे.