नर्सिंगला घालायचं, पण कोणत्या?

(दृश्य: सीपीआरचं प्रवेशद्वार, सकाळची पाळी बदलताना)

कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर. रात्रपाळी संपवून सिस्टर बाहेर पडतात, त्याच दारातून नर्सिंगच्या विद्यार्थिनी आत शिरतात. सरकारी सिस्टरचा मूळ पगार ३५,४०० रुपयांपासून सुरू होतो. विद्यार्थिनीच्या घरी मात्र अजून फीचीच जुळवाजुळव चालू असते.

बारावीचा निकाल लागला की राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडचे पालक पोरीला घेऊन कोल्हापुरात येतात. विचारणं एकच. "नर्सिंगला घालतोय, नोकरी लागंल न्हवं?"

लागते. पण कोणत्या कोर्सवर, कोणत्या पगाराची, ते आधी बघायला हवं.

एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) तीन, बीएस्सी नर्सिंग चार. पहिल्या दोन्हींना कला-वाणिज्यवाल्या मुलीही चालतात. बीएस्सीला विज्ञान शाखा, त्यात बायोलॉजी आणि वर सीईटी. याशिवाय गल्लीबोळात बोर्ड दिसतात, 'एका वर्षात नर्स व्हा'. त्या कोर्सवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे स्टाफ नर्स नाही. मदतनीस म्हणून काम मिळेल, तेही प्रामाणिक काम आहे. फक्त नर्सिंगची फी भरून मदतनीस व्हायचं का, एवढं ठरवा.

(दृश्य: डोंगराळ भागातलं उपकेंद्र, लसीकरणाचा दिवस)

एएनएम झालेली मुलगी उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. गरोदर बायांची तपासणी, लसीकरण, घरभेटी. नियमानं मैदानी भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी भागात ३,००० मागे. जिल्हा परिषदेत कायम झाली तर मूळ पगार २५,५०० पासून. पण ही भरती दरवर्षी निघत नाही. मधली वर्षं कंत्राटावर जातात, आणि कंत्राटात ही वेतनश्रेणी नसते.

'आधी एएनएम करू, पुढचं पुढं बघू' असं बरेच जण म्हणतात. बघा हिशेब. एएनएमची दोन, मग जीएनएमची तीन, मग पोस्ट बेसिक बीएस्सीची (जीएनएमनंतर करायची पदवी) दोन. सात वर्षं. सरळ बीएस्सी चार वर्षांत होते.

आता खर्च. कॉलेजच्या फीवर होस्टेल, मेस, गणवेश, परीक्षा शुल्क चढतं. मानसोपचाराची पोस्टिंग, म्हणजे रुग्णालयातलं प्रात्यक्षिक, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात लागली, तर तिथलं राहणं वेगळं. आपल्याकडची खरी अडचण तारखांची. प्रवेश पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे, ऊसबिल मात्र कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यावर. दर दहा दिवसांच्या दूधबिलात घर चालतं, फी नाही. मग माणूस पतसंस्थेत जातो, आणि तिथला हप्ता लगेच सुरू होतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला कागद जास्त लागतात, हेलपाटेही पडतात, पण हप्ता साधारण कोर्स संपून वर्षानं सुरू होतो. चार लाखांपर्यंत तारणही लागत नाही. हेलपाटे परवडले.

त्याहून मोठी गोष्ट २०२४ ची. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यात सीट घेतली की ही सवलत गेली. ओळखीनं सीट 'पक्की' करणारे हे सांगत नाहीत.

(दृश्य: राजारामपुरीतले दवाखान्यांचे फलक)

बहुतेक मुलींची पहिली नोकरी खासगीतच असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं सांगितलं, पन्नास खाटांपर्यंतच्या दवाखान्यातही नर्सला महिना २०,००० च्या खाली पगार नको, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारीइतका हवा. शिफारसच ती. नवख्या मुलीच्या हातात पडणारी रक्कम अनेकदा याच्या बरीच खाली असते. पहिली दोन-तीन वर्षं कर्जाचा हप्ता घरच्यांनाच ओढावा लागेल, हे धरूनच चाला.

राज्य सरकारच्या स्टाफ नर्स भरतीत जीएनएम आणि बीएस्सी दोघींना एकच वेतनश्रेणी आहे. मग चौथं वर्ष कशाला? केंद्र सरकारच्या एम्स रुग्णालयांच्या भरती परीक्षेत उत्तर मिळतं. तिथं मूळ पगार ४४,९०० पासून. बीएस्सीवाली कोर्स संपवून, नोंदणी करून थेट बसते. जीएनएमवालीला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो. शिकवायला जायचं, एमएस्सी करायची, तरी बीएस्सी हवीच. जर्मनीचं म्हणाल, तर २०२४ साली राज्यानं तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केलाय, पण आधी जर्मन भाषा शिकावी लागते, आणि त्यात वेळ जातो.

आमचं मत सांगतो. बायोलॉजी असेल तर सीईटी देऊन बीएस्सी, नसेल तर जीएनएम. एएनएम त्याच मुलीनं घ्यावं जिला गावपातळीवरचं काम मनापासून आवडतं.

(दृश्य: नर्सिंग कॉलेजचा व्हरांडा)

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत नंतर बघा. जोडलेलं रुग्णालय कोणतं, तिथं रोज किती पेशंट असतात, ते आधी विचारा. मूळ दाखले ठेवून घेणार का, हेही तोंडावर विचारा. भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, दोघांच्या संकेतस्थळावर मान्यतेच्या याद्या आहेत. यादी चालू वर्षाचीच बघा.