फरशीवर सांडलेले बेलतेल

पुण्यातील सहकारनगरच्या एका बंगल्यात मोटारीची जागा केव्हाच सुतारकामाने घेतली आहे. भिंतीवर रंधे, पटाश्या आणि करवती, कोपऱ्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटातून आणलेले सागवान, आणि खाली आडवा झालेला पाच लिटरचा डबा. त्यातील बेलतेल, म्हणजेच उकळलेले जवसाचे तेल, शहाबादी फरशीच्या सांध्यांतून दाराकडे निघाले आहे.

काका आधी तेलाच्या पुढ्यात भुशाचा बांध घालतात. पाणी ओतायचे नाही, कारण तेल त्यावर तरंगून आणखी पसरते. साचलेले तेल लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याने सुपलीत ओढून घेतल्यावर उरलेल्यावर भुसा पसरला जातो आणि तो कडेकडून मध्याकडे लोटला जातो. तेल प्यायलेला भुसा ओल्या गुळासारखा काळपट होतो.

एरवी हा भुसा पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवला गेला असता. पण जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. लाकडावर चोळलेल्या पातळ थरातून ती सहज निघून जाते. भुशाच्या ढिगात किंवा चुरगळलेल्या फडक्यात मात्र ती कोंडते, क्रियेचा वेग वाढवते आणि काही तासांनी, कोणीही काडी न लावता, ढीग पेटू शकतो. बेलतेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असल्याने ही शक्यता वाढते. या डब्यावर ब्रश कसा धुवावा हे तीन भाषांत छापले आहे. फडक्यांचे काय करावे, हे एकाही भाषेत नाही.

म्हणून भुसा पत्र्याच्या डब्यात पाण्याखाली बुडवून झाकण लावले जाते आणि डबा अंगणात, घरापासून लांब ठेवला जातो. फरशी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून काथ्याने घासली जाते. सांध्यांना दोनदा घासावे लागते. भिंतीला टेकवलेल्या देवघराच्या एका पायात तेल मुरले आहे, तो डाग आता राहणार.

फडकी मागच्या दोरीवर, एकमेकांना न चिकटवता, एकेक करून उलगडून टाकली आहेत. तिसऱ्या दिवशी ती पापडासारखी ताठ झाली असून काढताना त्यांचा करकर आवाज येतो.