कोंबडीच्या तळपायाला गळू झालंय? आधी ते ब्लेड खाली ठेवा

राम राम मंडळी.

(कोंबडी हातात, तळपाय कॅमेऱ्याकडं)

ही आमची गिरिराजा जातीची कोंबडी. थांबा, जरा उजेडात धरते. तळपायाच्या मधोमध मसुराच्या डाळीएवढा काळा ठिपका दिसतोय? भोवती फुगलंय, आणि बोट लावलं की गरम लागतं. आमच्याकडं याला कुरूप म्हणून सोडून देतात. डॉक्टर लोक बंबलफूट म्हणतात. काटा टोचतो, पाय खरचटतो, आणि तेवढ्या फटीतून जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस. वर खपली धरते, म्हणून आपल्याला वाटतं जखम भरली. आत मात्र काम चालूच असतं.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी काय केलं सांगू? नवं ब्लेड काढलं, खपली उचकटली आणि पू निघावा म्हणून दाबत बसले. पू काही आला नाही, रक्तच आलं. तीन-चार दिवसांत सूज बोटांवरून पायाच्या नळीपर्यंत चढली. ती कोंबडी गेली, आणि तिच्या जाण्यात माझा हात होता.

पू का आला नाही, ते नंतर कळलं. माणसाच्या गळवातला पू पातळ होतो, कारण आपल्या पांढऱ्या पेशींत मेलेला भाग विरघळवणारी द्रव्यं असतात. पक्ष्यांच्या पेशींत ती ताकद तेवढी नसते. म्हणून कोंबडीचा पू वाहतच नाही. खव्यासारखा घट्ट गोळा होऊन बसतो. तुम्ही दाबता तेव्हा तो गोळा बाहेर न येता आणखी आत सरकतो, आणि तिथं खाली लगेच शिरा आणि हाड. मोठा गोळा कापून काढावा लागतो, खरं आहे. पण ते काम भूल देऊन डॉक्टरनी करायचं, आपण ओसरीत बसून नाही.

मग घरी काय करायचं? सूज थोडी आहे आणि कोंबडी पाय टेकवतेय, तर बरंच काही.

संध्याकाळी धरा, अंधार पडला की ती शांत असते. जुन्या ओढणीत गुंडाळा, पण छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो, छाती हलली तरच तिला श्वास मिळतो. हातात मोजे घाला. हे जंतू माणसालाही लागतात, बोटाला चीर असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

टोपल्यात कोमट पाणी घ्या. लेकराला अंघोळ घालताना मनगटावर बघतो ना, तेवढंच. लिटरला दोन चमचे एप्सम सॉल्ट. कृषी केंद्रात मॅग्नेशियम सल्फेट म्हणून मिळतं ते खताचं, ते नको, मेडिकलमधून घ्या. दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवून धरा. खपली आपोआप सुटली तर सुटू द्या, नाही सुटली तर राहू द्या. मग पाय पुसून कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन लावा, वर गॉजची घडी, आणि पट्टी बोटांच्या मधून फिरवून बांधा. घट्ट नको. अर्ध्या तासानं बोटं बघा, सुजली किंवा गार पडली असतील तर सोडून परत बांधा. रोज, नाहीतर दिवसाआड बदला. दोन-तीन आठवडे जातात, घाई करू नका.

आणि ते जळकं ऑइल, डिझेल, रॉकेल! कुणी सांगितलं तरी नाही. कातडी भाजते, आणि चोचीनं साफ करताना तेच पोटात जातं.

पावसाळ्यातली एक गोष्ट वेगळी आहे. आपल्या काळ्या रानातला चिखल बोटांना चिकटून वाळतो, दगडासारखी गोटी होते. ते गळू नाही. पण पकडीनं फोडू नका, नख निघून येतं. भिजवा, बोटानं हळूहळू सोडवा.

नळी सुजली, कोंबडी खाईना, किंवा पाच दिवसांत फरक नाही, तर डॉक्टर. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 ला फोन लावता येतो. माणसाच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून घालू नका. डॉक्टरनी औषध दिलं की पहिला प्रश्न हा विचारा: अंडी किती दिवस खायची नाहीत?

एकाच वेळी चार-पाच कोंबड्या मरगळल्या, नळ्यांवर लालसर-जांभळे डाग आले, कोंबड्या मरायला लागल्या, तर पाय भिजवत बसायचं नाही. हात लावू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. 2021 च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला होता, विसरला नाहीत ना?

आता खरं दुखणं. (कॅमेरा खुराड्याकडं)

ही गिरिराजा, तशीच वनराजा, या जाती वजनदार. गावरान तलंग पत्र्यावरून उडी मारून पळून जाते, ही मारते तेव्हा सगळं वजन तळव्यावर येतं. आमची आडवी काठी साडेचार फुटांवर होती, तीही बाभळीची, गाठींची. आता दीड-दोन फुटांवर आणलीय, चपटी, कडा घासलेली. अंगणात तोडलेली बाभूळ, सराटे, पऱ्हाटीचे खुंट राहू देऊ नका. खाली भुसकट टाकलं असेल तर ओलं झालेलं त्याच दिवशी काढा, ओल्या जागेत तळवा मऊ पडतो आणि मग काट्याचीही गरज उरत नाही. शेवग्याचा पाला टाका. अ जीवनसत्त्व कमी पडलं की तळव्याची कातडी कच्ची राहते, आणि शेवगा तर आपल्या बांधावरच आहे.

चला, हिला आत ठेवते. पट्टी उद्या संध्याकाळी. तुमच्याकडच्या कोंबडीचा तळपाय आज दिवा लावून बघा, आणि काय दिसलं ते खाली लिहा. फोटो उजेडातला टाका, बरं का.