काळ्या पट्टीखालचा चौकोन

[दृश्य: नळस्टॉप चौक, संध्याकाळ]

सिग्नलचे आकडे उतरतायत. मागून हॉर्न वाजतो आणि मान वळते. आवाज कुठून आला, याचा हिशेब डोळा आणि कान मिळून तेवढ्यात करून मोकळे.

समजा, जागा ओळखताना डोळा २ अंशांनी चुकतो, कान ६ अंशांनी. चुकांचे वर्ग ४ आणि ३६. मेंदू दोघांना वजन देतो ते या वर्गांच्या उलट्या प्रमाणात, म्हणजे डोळ्याला नऊ वाटे, कानाला एक. बोलक्या बाहुलीचा आवाज म्हणूनच बाहुलीच्या तोंडून येतो. चित्र पुरेसं धूसर केलं की कानाचं पारडं जड होतं. अलैस आणि बर या संशोधकांनी २००४ साली ते मोजून दाखवलं.

[दृश्य: प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरच्या पडद्याचा कोपरा, अगदी जवळून]

असे प्रयोग करायचे, तर चित्र आणि आवाज नेमके केव्हा उमटले ते आधी मोजायला हवं. काळ्या चिकटपट्टीखाली मसुराएवढा फोटोडायोड, म्हणजे उजेड टिपणारा सेन्सर. पांढरा चौकोन उमटला की ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेचे संकेत रेषेत दाखवणाऱ्या यंत्राच्या, वरच्या रेषेला उसळी. खालच्या रेषेवर हेडफोनच्या वायरीतून घेतलेली टिक. या दोन उसळ्यांमधलं अंतर खरं. कॉम्प्युटरच्या लॉगमधली वेळ हा नुसता इरादा.

६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र देतो, तेही वरून खाली रंगवत. डायोड वरच्या कोपऱ्यात, सहभागीला दाखवायचा ठिपका मध्यभागी? साधारण ८ मिलिसेकंद तिथेच गेले. ब्लूटूथ हेडफोन तर आणूच नयेत. ठरलेला उशीर वजा करता येतो, हेलकावणारा नाही. शंभर वेळा टिक वाजवायची ती उशिराच्या सरासरीपेक्षा त्याच्या फैलावासाठी. तो सुटला, तर डोळा-कानाच्या चुकांचा हिशेब मांडणारं मॉडेल यंत्राचा दोष समोर बसलेल्या माणसाच्या माथी मारतं.

[दृश्य: हेडफोन लावलेली सहभागी]

वर्किंग मेमरीच्या, म्हणजे क्षणभर ध्यानात धरण्याच्या क्षमतेच्या, फेरीत सुटे अंकच ऐकवायचे. एकोणसत्तर, अठ्ठ्याहत्तर नकोत. साधारण दोन सेकंदांत मनात जेवढं म्हणून होतं, तेवढंच टिकतं. शब्द लांबला की यादी आखडते.

[दृश्य: सहा रंगीत चौकोन]

चौकोन दाखवायचे, लपवायचे, पुन्हा दाखवायचे आणि एखाद्याचा रंग बदलला का, ते विचारायचं. बदल झाला तेव्हा १० पैकी ८ वेळा ओळखला. नव्हता तेव्हाही १० पैकी २ वेळा ‘बदलला’ म्हटलं. ०.८ वजा ०.२, उरले ०.६. ६ गुणिले ०.६, म्हणजे ३.६ चौकोन ध्यानात. ते दोन वजा करायला विसरलात, तर ४.८ येतात आणि माणूस उगाच हुशार ठरतो.

गाडीतला इशारा दिव्याने द्यावा की आवाजाने, हे ठरवायला असेच आकडे लागतात.

[दृश्य: पट्टी सोलणारं नख]

पडदा बदलला किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट झाला, की पट्टी पुन्हा लावायची. मोजणी पहिल्यापासून.