पंखा हवा आणत नाही

नमस्कार. सुरू करण्याआधी ती डावीकडची खिडकी कुणीतरी उघडा प्लीज, हो तीच. पंखा चालू आहे म्हणजे हवा येतेय असं नसतं, तो आतलीच हवा फिरवत बसतो. आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

घरातली हवा आणि आपली तब्येत, यात मी तीन गोष्टी बोलणार आहे, भिंतीतली ओल, स्वयंपाकघरातला धूर आणि बंद बेडरूम. ओल आधी घेते, कारण ती माझ्या घरात झालीये.

आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये आईच्या खोलीची एक भिंत बाथरूमला लागून आहे. दर पावसाळ्यात तिथे पोपडे धरायचे, बोट लावलं की पांढरी भुकटी हाताला यायची आणि कपाटातल्या साड्यांना कुबट वास. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ताई, पीव्हीसी पॅनल मारून टाकू, दिसणारच नाही. आणि खरंच दिसेनासं झालं! खोली छान दिसायला लागली, पाहुणे कौतुक करायचे, आणि आईचा खोकला सुरू झाला. दिवसा ठीक, रात्री झोपली की ढास लागायची. औषधं झाली, एक्सरे झाला, अॅलर्जी म्हणाले. दोन वर्षं आम्ही धूळ झटकत होतो, उशा उन्हात घालत होतो, आणि तिच्या उशापासून हातभर अंतरावर तो पॅनल होता. कॅलेंडरसाठी खिळा ठोकताना एक पट्टी निसटली. आत भिंत काळी मखमल लावल्यासारखी, पार छतापर्यंत बुरशी. मला तेव्हा रडू आलं, आजही सांगताना येतं.

दोष होता न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतलं पाणी जिथून पाइपात जातं त्या भागाच्या सांध्यात. तो दुरुस्त केला, प्लास्टर विटेपर्यंत खरवडलं, दीड महिना भिंत तशीच उघडी सुकू दिली. आईचा खोकला पूर्ण गेला नाही पण रात्रीची झोप लागायला लागली. ओल झाकायची नसते हो, पाणी कुठून येतंय ते शोधायचं असतं, मग ते कितीही खर्चाचं असो.

आता थोडं विषय सोडून, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1896 ला मुंबईत प्लेग आला, 1898 ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही शहर सुधारणारी संस्था निघाली आणि पुढे त्यांच्याकडे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. म्हणजे समोर जेवढी मोकळी जागा त्याच्या साधारण दुप्पटच उंची, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीलाही आकाश दिसतं. शंभर वर्षांपूर्वी हे कळत होतं! आणि आता मुंबईतच गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत जा, सात-आठ मजली इमारती आणि मध्ये कुठेकुठे जेमतेम तीन मीटर. जुन्या हिशोबाने तिथे दोन मजले झाले असते. 2018 ला अशा वसाहतींचा अभ्यास झाला, तेव्हा ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर टीबी जास्त दिसला. खिडकी आहे, पण उघडून समोर भिंत, मग तिथे राहणाऱ्या बाईने करायचं काय? हा माझा राग आहे आणि तो मी प्रत्येक सभेत मांडणार.

चिठ्ठी आलीये, पाचच मिनिटं उरलीत. उरलेलं पटापट सांगते.

स्वयंपाकघर. गॅस आला म्हणून धूर संपला असं नाही, फोडणीचा, तळणाचा धूर असतोच आणि ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड हा घातक वायूही निघतो. चिमणीचा पाइप बाहेर काढलेला नसेल तर ती फक्त तेल अडवते, बाकीचं परत तुमच्याच तोंडावर. साधा एक्झॉस्ट फॅन बाहेर फेकणारा असेल तर तो बरा, पोळ्या लाटायच्या आधी लावा आणि ओटा पुसून झाल्यावरच बंद करा.

बेडरूम. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग असतो, दारं-खिडक्या लावून एसीत दोघं झोपलात तर पहाटेपर्यंत तो दोन हजारांच्या वर जाऊ शकतो. सकाळी डोकं जड वाटतं ना, त्यात याचाही वाटा असू शकतो. घरातला स्प्लिट एसी ताजी हवा आत घेत नाही, तीच थंड करतो. आणि बंद खोलीत मच्छर कॉइल तर अजिबात नको, एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात असं मोजलेलं आहे. जाळी बसवा, मच्छरदाणी लावा, खिडकी चार बोटं उघडी ठेवा.

बाल्कनी आत घेण्याबद्दल बोलायचं राहिलंच. प्रश्नांत येईल ते, काकू मघापासून हात वर करून बसल्यात, त्यांच्यापासून घेऊ.